फिलोमिनाच्या भावाची कॅसेट

सालवड, जुलै १९९७. मंगळवार, संध्याकाळ.

अपघातात हे गेले, त्याला आज तीन महिने झाले. कामावर गेले नाही, जेवलेही नाही. जगायचं कशाला, दिवसभर हेच डोक्यात. संध्याकाळी शेजारच्या फिलोमिनाच्या टेपवर कुणीतरी ठेक्यावर भराभर बोलायला लागलं. भांडणच वाटलं. चिडून तिच्या दारात गेले.

"बंद कर ना गं ते!"

"रॅप हाय. माजा भाऊ चर्चमध्ये बोलतो," ती म्हणाली. "बायको गेली तवा त्यानंच रचलं. बस जरा."

बसले. तो हिंदीत खरंच देवाशी भांडत होता. मला एकट्याला का ठेवलंस? मग धाप लागून थांबला. ती धापही कॅसेटमध्ये तशीच. ह्यांच्या फोटोसमोर मला हेच विचारायचं होतं, पण तोंड उघडलंच नाही कधी. पुढे तो म्हणाला, येशू माझ्या शेजारी बसून रडतोय.

मी ख्रिस्ती नाही. तरी पुन्हा लाव म्हटलं. दुसऱ्यांदा ती धाप आली आणि मी मोठ्याने रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. फिलोमिनाने ताट वाढलं.

आता खोलीत पुन्हा एकटीच. पण सकाळच्या पाळीला कामावर निघताना मला हाक मार, असं तिला सांगून आले आहे.