हाळीला दिलेली ओ

प्रिय संस्कृती,

तुझा मेसेज मिळाला. आधी एक सांगतो, मग बाकीचं. तुझ्या बाबांची खोली रिकामी करायला माणूस लावलाय म्हणतेस, त्याला थांबव. त्या बारक्या कॅसेटींची खोकी, कशातच चालत नाहीत म्हणून तू भंगारात देणार आहेस ती, तिथंच राहू दे. का, ते पुढं येईलच. फोनवर बोललो असतो तर शिव्यांवर आलो असतो, म्हणून कागद घेतला. माझं अक्षर तुला माहीत आहे, सातवीच्या पुढं ते गेलेलं नाही.

बाबांना जाऊन वर्ष होतंय, सिडकोतल्या हॉलमधे त्यांचे सगळे सिनेमे लागणार, कार्यक्रमाला ‘मातीचा दिग्दर्शक’ नाव ठेवलंय, आणि मी दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा. ‘सांजहाळी’तल्या द्वारकाबाईंचा मुलगा म्हणून सरांविषयी चार चांगले शब्द बोलायचे. असं तू लिहिलंस. वर फुलांचं चित्र पण टाकलंस. संस्कृती, मी नाही बोलणार. मातीचा म्हणे.

आणि असं समजू नकोस की न बघताच तोंड टाकतोय. सध्या मी मोरबीला टाईल्सच्या कारखान्यात आहे. सध्या म्हणजे, सुरत सुटलं, त्याच्या आधी पुण्यातलं हॉटेल सुटलं, माझं बूड कुठं टेकत नाही हे तुला ठाऊकच आहे. तुम्ही सिनेमे नेटवर टाकलेत ना, ते सुट्टीच्या दिवशी खोलीवर एकामागून एक बघितले. तुझ्या बाबांना नजर होती, ते मी नाकारत नाही. ‘दगडी बांध’मधला म्हातारा मेंढरू खांद्यावर घेऊन घाट चढतो, त्याच्या पोटऱ्यांच्या शिरा बघून मला आमचा कडूबा चुलताच दिसला. ‘अर्धं छप्पर’मधली पोरगी भाकरी उलटवून बोटांवर फुंकर मारते, तशी आमच्याकडंच मारतात. माणूस बसतो कसा, थुंकतो कसा, चप्पल कुठं काढतो, सगळं बरोबर. आणि मग तो माणूस तोंड उघडतो, की संपलं. म्हातारा फुलंब्रीचा आणि आवाज पुण्याचा. ‘इथे ये’, ‘तिथे बस’, ‘मला नाही बाई ठाऊक’. एका पण सिनेमात, एका पण माणसाच्या तोंडात ‘इथं’ नाही, ‘लई’ नाही, ‘व्हय’ नाही. मातीतली माणसं म्हणायचे आम्हाला. आम्ही बोलायला लागलो की माती झटकायचे.

पैठणचा तन्वीर माझ्या खोलीत असतो. ‘सांजहाळी’ लागला तेव्हा मी छाती फुगवून त्याला दाखवलं, बघ, ही माझी आई. आई बांधावर उभी राहिली, बोलली, आणि हा फसकन हसला. म्हणाला, “अबे किसना, तेरी अम्मा तो बंगलेवाली निकली रे! तेरे को गोद लियेले क्या?” मी त्याच्या अंगावर धावून गेलो. बाकीच्यांनी धरलं म्हणून वाचला. खरं तर त्याचं काय चुकलं? जे ऐकू आलं ते बोलला.

मग मी आवाज बंद करून तोच सीन परत लावला. तू पण लाव. आवाज चालू असला की वरनं ऐकू येतं, ‘माधव, घरी ये रे बाळा.’ पण ओठ बघ. ‘माधव’ म्हणायला आधी ओठ मिटावे लागतात, आरशात म्हणून बघ. आईचे मिटलेलेच नाहीत. ती ‘किसना’ म्हणतेय.

तुला तो दिवस आठवतोय का नाही माहीत नाही. मला तर आईच्या लुगड्याचा काठ पण आठवतो. सिनेमातल्या पोराचं नाव माधव. तुझे बाबा सांगायचे, “द्वारकाबाई, माधव म्हणा, माधव.” ती म्हणायची, “व्हय सर, माधव.” मान डोलवायची, बांधावर जायची, हात तोंडाशी न्यायची आणि “किसनाऽऽ, ये रंऽऽ!” सगळे हसायचे. ती पदर तोंडात धरून म्हणायची, “काय करू सर, त्वांड त्याच वाटंनं जातंय.” आमच्याकडं प्रत्येक बाईची हाळी वेगळी असते गं. लांबनं, शब्द न कळता, पोराला कळतं ही आपल्या घरची. आईचा ‘रं’ शेवटी फाटायचा, वर जाऊन दोन तुकडे व्हायचा. आणि हाळी आली की ओ द्यायची. तोंडात घास असला तरी, मारामारी चालू असली तरी. म्हणून मी कॅमेऱ्यामागनं दिली. “ओऽऽऽ!” शॉट गेला. तुझे बाबा ओरडले, “कुणाचं आहे हे पोरगं, बाजूला न्या!” आणि तू पोट धरून हसत होतीस. त्या दाढीवाल्या आवाजवाल्या काकांनी तुझ्या कानावर मोठे हेडफोन दिले होते, ते काढून तू माझ्या कानावर घातलेस. आई तिकडं बांधावर आणि तिचा श्वास माझ्या कानात. आजपर्यंत इतक्या जवळून मी काही ऐकलेलं नाही.

शेवटी तोच शॉट ठेवला. चांगला होता म्हणून ठेवला, ‘किसना’ सहित. मग स्टुडिओत कुणा बाईकडून त्यावर ‘माधव’ चढवलं. आईला बोलावलंच नाही. सिनेमा लागल्यावर तिनं विचारलं तर म्हणाले, “तुमचा चेहराच बोलतो, द्वारकाबाई.” आम्हाला गाडी पाठवून शहरात सिनेमा दाखवायला नेलं. आईनं नवं पातळ नेसलं होतं. पडद्यावर तिनं तोंड उघडलं आणि अख्ख्या हॉलमधे आई मोठ्यानं बोलली, “अगं बया, ही कोण बोलाया लागली माझ्या तोंडातनं?” लोक हसले. नंतर तुझ्या बाबांनी स्टेजवर ते परत सांगितलं, म्हणाले, ही निरागसता शहरात मिळत नाही. टाळ्या पडल्या. आई माझा हात धरून बसली होती.

पुढचं तुला माहीत नाही, कारण शूटिंग संपल्यावर तुम्ही गावात आलाच नाही. गावातली पोरं आईला बघितली की नाक वर करून म्हणायची, ‘माधव, घरी ये रे बाळा.’ महिनाभर चाललं, दोन महिने चाललं. आईनं हाळी देणं सोडलं. मला बोलवायचं तर चालत यायची, नदीपर्यंत, माळापर्यंत, गुडघे दुखायचे तरी. येऊन नुसती उभी राहायची. मी म्हणायचो, हाळी द्यायची की. ती म्हणायची, “चल, भाकर थंड व्हतीय.”

मला माहीत आहे तू काय म्हणशील. आई आजारी पडली तेव्हा बाबांनीच दवाखान्यात ओळख लावली, रोज माणूस पाठवला, शेवटच्या दिवशी स्वतः आले. आले. लई रडले पण. मी विसरलेलो नाही आणि म्हणूनच जास्त जळतं. नुसता वाईट माणूस असता तर चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. ज्यांनी आईला औषध दिलं, त्यांनीच तिची बोलती बंद केली, आणि दोन्ही वेळा त्यांना वाटलं आपण तिचं भलंच करतोय.

आता खरं सांगतो का लिहिलं. आई गेली तेव्हा आमच्याकडं बटणांचा फोन होता, तिचा आवाज कशातच राहिला नाही. मी इतके दिवस समजत होतो, डोक्यात आहे, जाईल कुठं? पण हे सिनेमे बघितल्यापासून मी डोळे मिटतो, आई बांधावर दिसते, तोंड उघडते आणि ती दुसरीच बाई बोलते. ‘घरी ये रे बाळा.’ कान दाबले तरी तीच. माझ्या डोक्यातनं पण आईला काढलं, संस्कृती. पण शूटिंगचा खरा आवाज दाढीवाले काका त्या बारक्या कॅसेटींवरच घ्यायचे, मी बघितलंय. त्यांना शोध, ते हयात असतील तर त्यांच्याकडं चालवायचं यंत्र असेल. तुझ्या त्या खोक्यांत कुठंतरी आईचा फाटलेला ‘रं’ आहे, आणि त्याच्या मागनं माझी ओ आहे. मला सिनेमा नको, सत्कार नको, तेवढं दे. मग व्हिडिओ पाठवतो. सरांना नजर होती हे पण बोलीन आणि हे सगळं पण बोलीन, माझ्या बोलीत. फक्त त्यावर कुणाचा आवाज चढवू नका.

‘तुझाच’ लिहायला आज हात वळत नाही. तुझ्या हेडफोनमधे ओ दिलेला,
किसना