आज पेशी नाही

मंगरूळपीर, मंगळवार, सायंकाळ

काल प्रयोगशाळेत सफाई करणाऱ्या रुक्माबाईंनी एक कागद वाचायला दिला होता. तो मी न वाचताच ठेवला. आज सकाळी त्यांनी विचारले, "सर, आज पेशी हाय का?"

काचपट्टी आणि चिकटपट्टीपासून मी घडवलेली, थेंबागणिक एकच पेशी पकडणारी नलिका तेव्हा गळत होती. सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता म्हणालो, "आज नाही, उद्या."

दुपारी थेंबात पेशी सापडली! आणि आत्ता रुक्माबाईंचे भाऊ दारात: "सर, तुमी तिले नाही काहून म्हटलं? कोर्टात वावराची पेशी होती तिची. बाई गेलीच नाही!"

शेताच्या खटल्याची, कोर्टाची तारीख! तो कागद त्याचाच होता... महिनाभर मी त्यांना 'पेशी' समजावतो आहे. त्यांची पेशी कोणती, हे विचारलेच नाही. उद्या त्यांच्या वकिलांसमोर चूक कबूल करायला मीच जाणार.