एका बाजूची ओपल

१२ मार्च
टेसा आली! माझी नात, मला मॅमॉ म्हणते. गाडीतून आधी कॉम्प्युटर उतरवला, मग मला मिठी. सोबत एक लाल डबी, साबणाच्या वडीएवढी. म्हणे आजोबांच्या टेपमशीनमधलं गाणं या डबीतून कॉम्प्युटरात जातं. म्हटलं, जाईल, आधी जेव. घेवडा शिजवला होता, मक्याचा पाव होता. दोनदा मागून घेतलं पोरीनं. नॅशव्हिलला हिला कोण खाऊ घालतं, देव जाणे.

१३ मार्च
मशीन पुसून ठेवलं. टेप हर्शेलनं, माझ्या नवऱ्यानं, याच स्वयंपाकघरात भरली होती – डाव्या माईकवर मी, उजव्या माईकवर ओपल, माझी धाकटी बहीण. चर्चमध्ये भजनाची ओळ देतात, म्हणजे आधी एकट्यानं गातात, ते पुरुष; बाकीच्यांनी ती घोळवून परत गायची. घरी मात्र ओळ मी द्यायची, थोरली म्हणून. आणि दिलेली ओळ लोंबकळत ठेवली की आई खवळायची. हातातली भाकर खाली ठेवून गायला लावायची.

ओपल आता ओहायोत, लेकीकडे, लुएलाकडे. मेंदूचा झटका आल्यापासून एक शब्द नाही. फोनवर मीच बोलते, पलीकडे नुसता श्वास. पूर्वी मला तोंड उघडू द्यायची नाही ती! तिचा आवाज तिला ऐकवायचाय. मलाही ऐकायचाय. मला जरा जास्तच.

१४ मार्च
टेसानं मशीनच्या दोन केबली डबीत खोचल्या. "मॅमॉ, दिवा लाल झाला की आवाज फाटतो. हे बटण मागे घे." मला राखणीला बसवून बाई अंगणात फोनवर. पडद्यावर दोन रेघा, एकेका माईकची एकेक, त्यातली एकच नाचत होती. म्हटलं, दुसरी सावकाश उठत असेल. टेप संपली तशी टेसाच्या मागे लागले – ऐकायचं मग, आधी ओहायोला पाठव, ओपल जेवली की झोपते.

संध्याकाळी ऐकलं. मी ओळ देते. मग काही नाही. पुन्हा ओळ. पुन्हा काही नाही. ओपल कुठंतरी लांब, भिंतीपलीकडे असल्यासारखी.

टेसानं उजवीकडची केबल ओढून पाहिली. अर्धीच आत.
"मॅमॉ, फडका मारलास?"
"जराशी धूळ होती."
"तुझा फडका माझ्या लग्नातसुद्धा नवऱ्यावर फिरेल."
हसले. पण ओपलला वाटेल, थोरल्या वर्नानं मला वगळलं. उद्या पुन्हा भरू म्हणते टेसा.

१५ मार्च
सकाळीच लुएलाचा फोन. "मावशी, काय पाठवलंस गं हे?"
मी सांगायला लागले, केबल, फडका –
"गप्प बस आणि ऐक."
फोनमध्ये माझाच आवाज, तरुण. ओळ दिली. थांबले.
मग ओपल, टेपवरची नाही, आत्ताची. जड, अडखळत, पण शब्दांसकट. पुढची ओळ. तीही.

टेसा दुसरी केबल खोचत होती. म्हटलं, राहू दे.