राख की गोळी

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस. समोर आलास की मान वळवतोस, आणि निरोप मात्र वहिनीकडून पाठवतोस. शेवटी म्हटलं, कागदच घ्यावा. कागदाला 'आधी आवाज खाली कर' असं म्हणता येत नाही. तेव्हा बस आणि वाच. चहा घेऊन बस, लांबण लागणार आहे.

उद्या पाहुणे जाईपर्यंत मी कारखान्यात पाऊल टाकू नये, आणि बुरशीच्या खोलीची किल्ली वहिनीकडे द्यावी, असा तुझा हुकूम मिळाला. वा रे वा! चोर सोडून संन्याशाला फाशी. ती खोली आठवते ना तुला? रंगाच्या रिकाम्या डब्यांची अडगळ होती. तीन वर्षांपूर्वी मी ती धुतली, फळ्या ठोकल्या, ट्रेमध्ये भुसा भरून त्यावर अळंबीचं बियाणं पेरलं. चामड्यासारखं काहीतरी उगवून दाखवीन म्हणाले, तेव्हा सगळा कारखाना फिदीफिदी हसला. वहिनी तर म्हणाली, लोक घरातली बुरशी पुसून काढतात, आमच्याकडे तिला अंथरूण घालून झोपवतात. तू एकटाच हसला नाहीस. खोलीत ऊब राहावी म्हणून स्वतःच्या केबिनमधला हीटर उचलून आणलास आणि सगळी थंडी स्वेटर घालून बसलास. हे मी विसरलेले नाही, म्हणून तर इतका राग येतोय.

पहिल्या वर्षी जे उगवलं त्याला ओल्या मोज्यांचा वास यायचा. दुसऱ्या वर्षी वास गेला, पण घडी घातली की तडा. तिसऱ्या वर्षी एकदाचा ट्रेमधून बुरशीचा अखंड पत्रा सोलून निघाला, मऊ, जाड, हाताला गरम. तू त्याची छोटी पिशवी शिवलीस, स्वतः मशीनवर बसून, आणि शिवून झाल्यावर नुसता हात फिरवत राहिलास. डोळ्यांत पाणी होतं तुझ्या. नाही म्हणू नकोस, मी पाहिलंय.

मग आई पडली. तिच्या पायाचं ऑपरेशन झालं आणि मी तीन आठवडे तिच्या उशाशी होते. परत आले तर पत्रे पॉलिशवाल्याकडून आलेले, आरशासारखे चकचकीत. पाण्याचा थेंब टाकला तर घरंगळून खाली. मेणाचा हात मारलाय, एवढंच तू म्हणालास. मी वेडी खूष झाले! पॉलिशवाल्याला फोन करून शाबासकी दिली. तोही मला दहा वेळा 'ताई, ताई' करत हो म्हणाला. त्याच खुशीत मी लेबलचा मजकूर लिहिला: 'पूर्णपणे उगवलेलं. मातीत पुराल तर मातीच होईल.' खाली बाबांचं नाव, तेच कारखान्याचंही.

चूक माझी एवढीच, की मी ते जाळून पाहिलं नाही. मी! जिला बाबांनी 'काडेपेटी' नाव ठेवलं ती. तेव्हा आपलं कापडाचं दुकान होतं; कुठलंही कापड आलं की बाबा एक दोरा ओढायचे आणि गिऱ्हाइकासमोरच काडी लावायचे. कागदासारखा वास आणि उडून जाणारी राख म्हणजे सूत. केस जळल्याचा वास म्हणजे लोकर. आणि दोरा वितळून बोटाला चटका देणारी टणक गोळी झाली, तर प्लास्टिक. आई म्हणायची, तुम्ही कापड विकताय की जाळताय? पण काडी लावल्याशिवाय बाबांनी एक वार माल घेतला नाही. मी सात वर्षांची असताना तुझ्या शाळेच्या शर्टाची बाही जाळली होती, तेवढ्यासाठीच. परक्यांचा माल आयुष्यभर जाळला, दादा. घरचा माल कोण जाळून बघतं?

आणि मंगळवारी हात दाखवून अवलक्षण. त्या मोठ्या कंपनीच्या खरेदीबाई आल्या, सोबत त्यांचे दोघे. मला काय चेव आला कोण जाणे, मी त्यांना बाबांची गोष्ट सांगितली, ऐटीत पत्र्याची पट्टी कापली आणि काडी लावली. पट्टी आक्रसली. काळा थेंब टपकला तो थेट बाबांच्या टेबलावर. खोलीभर तो घाण वास. मी तुझ्याकडे पाहिलं आणि तू खिडकीकडे पाहिलंस. तेव्हा मला कळलं, मेण नव्हतंच ते.

त्याहून वाईट पुढचं. मला वाटलं, बाई उठून जातील. त्या हसल्या! म्हणाल्या, त्यात काय, सगळेच असा थर देतात, नाहीतर पिशवीवर डाग पडतात. माल छान आहे, लेबल तर फारच छान आहे, तेवढं बदलू नका. म्हणजे त्यांना माझे पत्रे नकोच होते, त्यांना माझं वाक्य हवं होतं. लेबल खरं आहे अशा कागदावर बनवणाऱ्याची सही करून ठेवा, न्यायला पुन्हा येतो, म्हणाल्या. मी नाही म्हटलं, आणि तू सगळ्यांसमोर मला म्हणालास, तुझ्या हट्टापायी बावीस माणसं घरी बसतील.

ते बावीस माझेही आहेत. म्हणून मी फक्त नन्नाचा पाढा लावला नाही. थर न दिलेले चौदा पत्रे फळीवर वाळताहेत. त्यांना तेल-मेण लावलंय, खरंखुरं. पाणी पडलं तर डाग पडेल. पडू दे! तुझ्या त्या पहिल्या पिशवीवर माझ्या चहाचा डाग आहे आणि ती मी रोज वापरते. डाग पडतो हे लेबलवर लिहू आणि विकू. या बाई नाही घेणार, दुसरं कोणी घेईल. कमी घेईल. जड जाईल, मला ठाऊक आहे. पण कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं राहत नाही. उद्या कुणीतरी दुसरी काडी लावेल, आणि तेव्हा ते बावीस जण कुणाकडे बघतील?

किल्ली मी देणार नाही. उद्या दहाला येणार आणि बाबांच्या टेबलाशी बसणार. बाहेर काढायचं असेल तर खुर्चीसकट उचलावं लागेल, आणि तुझी पाठ कशी आहे ते मला माहीत आहे.

आता खरं कारण. वहिनीने न राहवून सांगितलं, की माझ्या जागी सही तू करणार आहेस. कर. तुझा हात मी धरणार नाही. आईलाही काही सांगितलेलं नाही. फक्त पाकिटात बघ, दोन पट्ट्या आहेत, एक माझी, बिनथराची, आणि एक तुझी, चकचकीत, आणि बाबांची काडेपेटी, तिच्यात दोनच काड्या. सही करण्याआधी त्यांच्याच टेबलावर बसून दोन्ही पट्ट्या जाळ. आधी माझी. केस जळल्यासारखा वास येईल, दचकू नकोस. राख बोटांत चोळ, उडून जाईल. मग तुझी जाळ. गोळी गार झाली की ती तळहातावर घे, आणि त्याच हाताने बाबांच्या नावाखाली सही कर.

तुझीच,
काडेपेटी