ताम्हणातला फेस

बाबा, तुमच्या पूजेच्या ताम्हणाबद्दल माझी गंभीर तक्रार आहे. त्याचे काठ फार उथळ आहेत. त्यात अंड्याचं पांढरं फेटायला घेतलं की निम्मं माझ्या सदऱ्यावर येतं. ‘शान्तं पापम्’ म्हणायला तुम्ही नाही, तेवढी सोय झाली.

तुमच्या सुनेचं डायलिसिस चालू आहे. त्यात अंगातलं प्रोटीन वाहून जातं, म्हणून बालाघाटचे डॉक्टर म्हणाले, रोज अंड्याचं पांढरं द्या. उकडून दिलं तर रबरासारखं लागतं म्हणून ती थुंकते. जबलपूरला शिकणाऱ्या तुमच्या नातीने मग फोनवर माझी शाळा घेतली. "बाबा, पांढऱ्यात प्रोटीनच्या गुंडाळ्या असतात. फेटल्या की उलगडतात, एकमेकींचे हात धरतात नि हवा कोंडून ठेवतात. पिवळ्याचा एक कतरा भी नको, चरबी आली की हात सुटतात. और सुनो, तांब्याचं भांडं घ्या." मी म्हटलं, "काहून?" तर तांबं म्हणे त्यातल्या एका प्रोटीनला घट्ट धरतं, मग जास्त फेटलं तरी फेस फुटत नाही. घरात तांब्याचं पसरट भांडं एकच. चिंचेने घासलं, आणि खरंच, कापसासारखा फेस उभा राहिला. संस्कृत शब्दरूपं पाटीवर घोटून घेताना तुम्ही माझ्या हाताला लावलेलं वळण असं कामी आलं.

ही नात झाली तेव्हा नर्सने सांगितलं म्हणून तुमच्या सुनेने मागच्या अंगणात एक अंडं उकडलं होतं. तुम्ही आवाजसुद्धा चढवला नाहीत. "सूनबाई, भांडं बाहेर फेका, आणि डोक्यावरून आंघोळ करून मगच आत या." पौषातली थंडी, विहिरीचं पाणी, ओली बाळंतीण. शुद्ध झालं तुमचं घर. त्या शुद्धतेला मी अजून शिव्या देतो, संस्कृतात, म्हणजे तुम्हाला नीट कळाव्यात.

आज तो फेस मिरपूड घालून मंद तव्यावर भाजला. इतका हलका की घास जड व्हायचं कारणच नाही. हिने जिभेला लावला आणि ताटली सरकवली. "अहो, चांगला झाला हो. पण मले नाही जात. मामाजी पाहून राह्यले असं वाटते."

"बाबांना जाऊन किती वर्षं झाली!"

"हौ, पण पाहून राह्यले."

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर तुम्ही शुद्धलेखन तपासून परत धाडाल. तुमचा राग मला पेलतो, त्याची सवय आहे. पण तिचे पाय सुजतात, दंडाची हाडं दिसायला लागली आहेत, आणि ती अजून माझ्यापेक्षा तुमचंच ऐकते. ऐकता ऐकता ती जाईल, याची मला फार भीती वाटते.