पासपोर्टचा चेहरा

४ फेब्रुवारी
आजही तोच चेहरा. चहा पुढे ठेवला – दगड. मी केस कापून आले, दोनदा समोरून गेले – दगड. रिटायर झाल्यापासून हे माझ्यावर रुसलेत, हे आता नक्की. कशावरून, ते विचारायला माझं काही अडलेलं नाही. आपणही अबोला धरायचा. बघू कोण आधी वाकतं.

६ फेब्रुवारी
कुणीच वाकलं नाही.

९ फेब्रुवारी
ह्यांचा पासपोर्ट नवा करायचाय. माझ्याच फोटो स्टुडिओत स्टुलावर बसवलं. पासपोर्टच्या फोटोत हसायचं नसतं, आणि गिऱ्हाइकांची नेमकी तिथंच पंचाईत होते. ‘हसू नका’ म्हटलं की हसू फुटतं. ह्यांना सांगावंच लागलं नाही. पहिल्या क्लिकला पास! पापणीसुद्धा लवली नाही. ‘असं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं,’ मी टोमणा मारला. फोटो इतका नियमात बसला की नमुना म्हणून काउंटरच्या काचेखाली लावून टाकला. रुसवा रुसव्याच्या जागी, धंदा धंद्याच्या जागी.

१० फेब्रुवारी
फिरायला गेलो. हे मागे. उजवा हात अंगाला चिकटलेला, पाय घासत. माझ्याबरोबर चालायची लाज वाटत असणार. बोलतातही इतकं हळू की मला ‘काय?’ विचारावं लागतं आणि अबोला माझ्याकडून मोडतो. हाही त्यांचा डावच!

१३ फेब्रुवारी
ताईला फोन केला. कायमची येते म्हटलं. ये, मागची खोली रिकामीच आहे, म्हणाली. रविवारी निघायचं. नको असलेल्या माणसानं किती दिवस समोर बसायचं? फोन ठेवून रडले. मग स्वतःचाच राग आला. मग भूक लागली.

१७ फेब्रुवारी
एक डॉक्टरबाई फोटो न्यायला आल्या. काचेखालचा नमुना बघतच राहिल्या. कोण हे, म्हणून विचारलं. माझे मिस्टर, आत बसलेत रुसून, म्हटलं. त्यांनी ह्यांना बाहेर बोलावलं, अंगठ्यावर बोट भराभर आपटायला लावलं. डाव्या हाताचं टकटक चाललं. उजव्याचं सुरू झालं, मंदावत गेलं, थांबलं. परक्या बाईसमोरही नखरे, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. उद्या दवाखान्यात या, बाई म्हणाल्या, दोघंही.

१८ फेब्रुवारी
पार्किन्सन्स.

मेंदूच्या पार आत काही गाठी असतात म्हणे, प्रत्येकाच्याच. हालचालीचा हुकूम वरून निघतो, पण कुठली हालचाल सोडायची आणि कुठली दाबून धरायची, ते ठरवण्यात ह्या गाठींचा मोठा हात. त्यांना डोपामाइन कमी पडलं की बरंचसं दाबलेलंच राहतं. मी नुसती मान डोलावत होते. ह्यांनी जन्मभर बस चालवली, त्यांना लगेच कळलं. ‘हँडब्रेक ओढलेला,’ म्हणाले.

हात झुलणं, पापणी लवणं, हसू येणं, म्हणजे आपण न ठरवता करतो ते सगळं अडकतं. बाईंनी ‘हसा’ म्हटल्यावर हे चक्क दात दाखवून हसले. मी तिथंच ओरडले, ‘बघा, येतं की ह्यांना!’

‘सांगितलेलं येतं हो,’ बाई म्हणाल्या. ‘आपोआप यायचं ते अडकलंय.’

चेहरे टिपण्यात माझी हयात गेली. सांगून आणलेलं हसू मी दारातून ओळखते! आणि घरातल्या चेहऱ्याला मी नमुना म्हणून काचेखाली लावलं. धन्य आहे माझी. ताईला फोन करून येत नाही म्हटलं. खोली झाडून ठेवली होती म्हणून ती जरा नाराज झाली.

२० फेब्रुवारी
गोळ्या सुरू. सकाळपासून ह्यांच्या तोंडाकडे टक लावून बसलेय. वैतागले असावेत. कळायला मार्ग नाही.

११ मार्च
विनोद सांगून बघतेय. हसले नाहीत. अर्थात माझ्या विनोदांना हे ठणठणीत होते तेव्हाही हसत नसत, त्यामुळे त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

१९ मार्च
आज चेहरा आला! शर्टाचं बटण लावता लावता ह्यांनी वर बघितलं आणि भुवया, डोळे, ओठ, सगळं हललं. मी हसू येणार म्हणून थांबले होते. ती भीती होती.

‘अहो, काय झालं?’ म्हटलं.

‘काही नाही. कधीचा घाबरलेलाच आहे,’ म्हणाले. ‘मला वाटलं, तुला दिसतंय.’