पेटीवरचा शेवटचा तीन

प्रिय अण्णाकाका,

तुम्ही गेल्यानंतरचा हा पहिला हंगाम, आणि आज पहिली गाडी भरतानाच तुमच्या छापाचा पत्रा तुटला. त्यावरून घरात जे वाजलं, ते तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

बाकीचे बागायतदार आंब्याच्या पेटीवर नावाचं अक्षर छापतात, नाहीतर कमळ. तुम्ही पत्र्यात कोरून घेतलंत ७३९३९१३३! वाशीचा दलाल फोन नंबर समजून फिरवत बसला होता. "अहो, कोण उचलतच नाय!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "उचलील कसा? मूळ संख्या आहे ती. एक आणि ती स्वतः, बाकी कुणाचा भाग जात नाय तिला."

मी तेव्हा लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीची नोकरी सोडून आलो होतो. त्याआधी जयगडचं बंदर, त्याआधी गणपतीपुळ्याचं लॉज. लॉजमधल्या एका आजोबांची गंमत सांगायची राहिलीच... असो. पेटीत पेंढा पसरत होतो, तर तुम्ही शेवटच्या तीनवर अंगठा ठेवलात.

"आता?"

"आता काय?"

"आताही मूळच!"

अंगठा आणखी डावीकडे. पुन्हा मूळ. ७३९३, ७३९, ७३, शेवटी एकटा सात. मागून कितीही खुडा, उरेल ती मूळच! मी विचारलं, शेवटी आणखी एक आकडा जोडला तर? "कुठलाही जोड, भाग जातोच. अशांतली ही सगळ्यांत मोठी. हिच्यापुढे वाट नाय, मेल्या."

काय माणूस होतात तुम्ही! मला शाळेत गणित असं कुणी का नाही दाखवलं? पण ही संख्या तुम्हाला भेटली कुठे, ते विचारलं की "आधी पेंढा नीट पसर." हे काही बरं नाही केलंत.

तर आज शेवटच्या तीनसकट गंजका कोपरा गळून पडला. तुमचा मुलगा संदेश म्हणाला, "बरं झालं. आता रंगीत स्टिकर लावू. मोडका नंबर काय छापायचा?" काकी उरलेला पत्रा पदराने पुसत राहिली. मनात आलं, तुमचा छाप आजच संपणार?

"मोडका कुठे, दादा? ७३९३९१३ पण मूळच आहे!"

"दहावी नापास मला गणित शिकवतोय!" म्हणत तो मोबाइलवर भागायला बसला. सात, अकरा, तेरा, सतरा... मी कंटाळून मध्येच आंबा कापायला गेलो, खरं सांगतो. तो हटला नाही. चहा गार झाला. शेवटी नेटवर शोधलं, तिथेही तेच. मोबाइल खिशात टाकून म्हणाला, "आई, रंग आण."

पहिली पेटी काकीने स्वतः छापली.

अण्णाकाका, माझा मुक्काम कुठे टिकत नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण दर हंगामाला छाप मारायला मी येईन. आणि हा पत्रा कितीही झिजू दे, बदलू देणार नाही. एकटा सात उरला तरी पेटी तुमचीच म्हणून जाईल.

तुमचा भटका पुतण्या,
दिगू